प्रथम धावून जाणारे : ऑस्ट्रेलियातील ख्रिस्ती न्यायविचार आणि दया

पोलीस, अग्निशामक आणि रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्यासाठी बायबलमध्ये वेगळा अध्याय नाही. ते लिहिले गेले तेव्हा ही पदेच नव्हती. तरीही संकटाच्या जागी सर्वांत आधी पोहोचणाऱ्याने कसे वागावे, याविषयीचा ख्रिस्ती विचार प्रामुख्याने दोन जुन्या उताऱ्यांभोवती फिरत आला आहे. पहिला उतारा म्हणजे लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले. याजक आणि लेवी त्याला बघून वाट वाकडी करून गेले. यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि पुढच्या शुश्रूषेचे पैसेही मालकाच्या हातावर ठेवले. हा माणूस कोण, चूक कोणाची, असल्या चौकश्या त्याने केल्या नाहीत. दुसरा उतारा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातला. राज्यकर्त्याच्या हातातली तलवार दुष्कृत्याला आळा घालण्यासाठी देवानेच दिलेली आहे, असे पौल तिथे सांगतो.

दाखल्यातल्या लुटारूंचे पुढे काय झाले, हे येशू सांगत नाही. त्यांना पकडायचे कोणी, हा प्रश्न पौलाच्या पत्रात येतो आणि तो राज्यसत्तेकडे सोपवला जातो. म्हणजे दया जो कोणी जवळ असेल त्याने करायची, आणि शिक्षा ज्याला अधिकार आहे त्यानेच द्यायची. यात तिसरी गोष्ट क्षमेची. ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच असते. दुसऱ्याने ती परस्पर देऊन चालत नाही. कागदावर ही विभागणी सोपी दिसते. प्रत्यक्षात मात्र एकच शिपाई आधी रक्तस्राव थांबवतो आणि मग बेड्या घालतो. ऑस्ट्रेलियाच्या गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या तीन गोष्टींची सरमिसळ झाली तेव्हा काय झाले, याचे दाखले भरपूर सापडतात.

दयेच्या बाजूचा सर्वांत प्रसिद्ध दाखला विमानातून आलेल्या डॉक्टरांचा. प्रेस्बिटेरियन पाळक जॉन फ्लिन यांनी १९१२ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’ सुरू केले, तेव्हा देशाच्या अंतर्भागात शेकडो मैलांवर एखादाच डॉक्टर असे. १९१७ मध्ये पश्चिमेकडच्या हॉल्स क्रीक या गावी जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. तिथल्या पोस्टमास्तराने पर्थच्या डॉक्टरकडून तारेने सूचना घेत, हाताशी असलेल्या चाकूने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. डॉक्टर स्वतः बोटीने, मोटारीने मजल दरमजल करीत निघाला, पण तो पोहोचण्याआधीच डार्सी मरण पावला. त्याच वर्षी क्लिफर्ड पील या तरुण सैनिकाने फ्लिन यांना पत्र लिहून वैद्यकीय मदतीसाठी विमाने वापरण्याची कल्पना मांडली. पील पुढच्याच वर्षी महायुद्धात मारला गेला. १९२८ च्या मे महिन्यात क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून क्वांटासकडून भाड्याने घेतलेल्या विमानाने डॉ. केन्यन सेंट व्हिन्सेंट वेल्च पहिल्यांदा रुग्णाकडे गेले. आजची ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ ती हीच. फ्लिन यांचे चित्र ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर आहे.

मात्र ही दया सर्वांपर्यंत सारखी पोहोचत नव्हती. फ्लिन यांचे लक्ष प्रामुख्याने अंतर्भागातल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांवर होते, आदिवासी त्यांच्या नजरेच्या कडेला राहिले, अशी टीका त्यांच्याच पंथातल्या डॉ. चार्ल्स ड्युगिड यांनी केली. ड्युगिड हे ॲडलेडचे शल्यविशारद. टीका करून ते थांबले नाहीत, १९३७ मध्ये आदिवासींसाठी अर्नाबेला येथे मिशन उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने. फ्लिन १९५१ मध्ये वारले. ॲलिस स्प्रिंग्जजवळ त्यांच्या समाधीवर एक प्रचंड गोल शिळा ठेवण्यात आली. ती आणली होती कार्लू कार्लू येथून, आणि ते स्थळ तिथल्या आदिवासींना पवित्र आहे. दयेसाठी नावाजलेल्या माणसाच्या स्मारकासाठीच दुसऱ्याच्या देवस्थानातला दगड उचलला गेला. अनेक वर्षांच्या मागणीनंतर १९९९ मध्ये ती शिळा मूळ जागी परत गेली आणि अरेर्न्टे लोकांनी आपल्या भूमीतली दुसरी शिळा समाधीसाठी दिली. या देवघेवीत आदिवासींनी दाखवलेले औदार्य चर्चच्या इतिहासात जेवढे नोंदवले जायला हवे, तेवढे नोंदवलेले दिसत नाही.

रस्त्याच्या कडेला पडलेला माणूस दिसला तर काय करायचे, ही शोमरोन्याची कसोटी ऑस्ट्रेलियन पोलिसांपुढे अगदी शब्दशः उभी राहिली ती आदिवासींच्या कोठडीतल्या मृत्यूंमुळे. १९८७ ते १९९१ या काळात एका शाही आयोगाने अशा ९९ मृत्यूंची चौकशी करून ३३९ शिफारशी केल्या. कोठडीत आल्यावर आदिवासी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात मरतात असे आयोगाला आढळले नाही. त्यांना कोठडीत टाकण्याचे प्रमाणच प्रचंड होते. सार्वजनिक जागी दारू पिऊन पडणे हा गुन्हा राहू नये, ही त्यातली एक शिफारस. व्हिक्टोरिया राज्याने ती लगेच मानली नाही. २०१७ च्या डिसेंबरात रेल्वेत झोपलेल्या एका आदिवासी महिलेला याच कलमाखाली अटक झाली, कोठडीत पडून तिच्या डोक्याला मार लागला आणि काही दिवसांनी ती दगावली. तो गुन्हा राज्याच्या कायद्यातून प्रत्यक्षात वगळला गेला नोव्हेंबर २०२३ मध्ये. दाखल्यातला याजक निदान वाट वाकडी करून गेला होता. इथे कायद्याने जखमीलाच आरोपी केले होते.

याच्या अगदी उलट, दयेच्या नावाखाली न्याय अडवला गेला तो मिल्डुरा येथे. व्हिक्टोरियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या या गावी १९७१–७२ मध्ये डेनिस रायन हा गुप्तचर पोलीस अधिकारी मॉन्सिन्योर जॉन डे या कॅथलिक धर्मगुरूविरुद्ध मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी गोळा करीत होता. रायन स्वतः कॅथलिक. त्याने पीडितांचे जबाब घेतले. वरिष्ठांनी, त्यांतही काही कॅथलिकच, तपास दडपला. रायनची बदली ठरली आणि त्याने नोकरी सोडली. डे यांच्यावर कधीच खटला झाला नाही. १९७८ मध्ये ते वारले. व्हिक्टोरिया पोलिसांनी रायन यांची माफी मागितली ती २०१६ मध्ये. चर्चची अब्रू सांभाळणे, धर्मगुरूला सांभाळून घेणे, त्याला दुसऱ्या गावी पाठवून नवी संधी देणे, या सगळ्याला क्षमाशीलतेचा मुलामा देता येत होता. पण क्षमा करण्याचा हक्क होता त्या मुलांचा, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. अशा शेकडो प्रकरणांनंतर नेमलेल्या शाही आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये अंतिम अहवाल दिला. पापनिवेदनात कळलेला बालअत्याचारही पोलिसांना कळवलाच पाहिजे, अशी शिफारस त्यात होती. व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला. मेलबर्नचे आर्चबिशप पीटर कोमेन्सोली यांनी मात्र तुरुंगात जावे लागले तरी पापनिवेदनाची गुप्तता मोडणार नाही, असे सांगितले. हा वाद आजही मिटलेला नाही. आर्चबिशपांची भूमिका कॅथलिक धर्मशास्त्रात बसते. मिल्डुराचा इतिहास समोर असताना ती पोलिसांना पटणे कठीण आहे.

सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागात चर्चची आणि कायद्याची गाठ वेगळ्याच कारणाने पडली. नव्वदच्या दशकात तिथल्या गल्ल्यांत हेरॉइनच्या अतिमात्रेने माणसे कोसळत आणि रुग्णवाहिका दिवसभर धावत असत. पोलीस खात्यातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या वूड आयोगाने देखरेखीखालील इंजेक्शन केंद्रांचा विचार व्हावा असे सुचवले. मे १९९९ मध्ये वेसाइड चॅपलचे पाळक रे रिचमंड यांनी कायदा मोडून चॅपलमध्येच अशी खोली उघडली. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, पुढे तो मागे घेण्यात आला. सरकारमान्य केंद्र चालवायला प्रथम ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या कॅथलिक जोगिणी पुढे आल्या होत्या. व्हॅटिकनने त्यांना माघार घ्यायला लावली. मग युनायटिंग चर्चने परवाना घेतला आणि मे २००१ मध्ये केंद्र सुरू झाले. पापात भागीदार व्हायचे नाही, हा व्हॅटिकनचा युक्तिवाद. मेलेल्या माणसाला पश्चात्तापाची संधी उरत नाही, हा दुसऱ्या बाजूचा. पुढे झालेल्या पाहणीत केंद्राच्या आसपास, ते उघडे असलेल्या वेळेत, अतिमात्रेसाठी रुग्णवाहिका बोलावण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलेले आढळले. धर्मशास्त्राचा वाद आकड्यांनी सुटत नाही हे खरे, पण रुग्णवाहिकेवरच्या माणसांना त्यांचे उत्तर मिळाले होते.

पोलिसांच्या हातून न्याय आणि दया एकत्र साधण्याचा एक प्रयोग वागा वागा या गावी १९९१ पासून झाला. सार्जंट टेरी ओ’कॉनेल यांनी किरकोळ गुन्ह्यांत सापडलेली मुले, त्यांचे आईवडील आणि ज्यांचे नुकसान झाले ते लोक यांना समोरासमोर बसवून भरपाई ठरवायची पद्धत सुरू केली. ही कल्पना न्यूझीलंडमधून आली होती. तिथल्या १९८९ च्या कायद्यामागे माओरी परंपरा होती. या प्रकारच्या न्यायाचा दुसरा उगम कॅनडातल्या मेनोनाइट ख्रिस्ती लोकांत सापडतो. १९७४ मध्ये ऑन्टॅरिओतल्या किचनर शहरात त्यांनी दोन तरुणांना ज्यांची मालमत्ता फोडली त्यांच्या दारी पाठवले होते. वागा वागाच्या प्रयोगाला ख्रिस्ती म्हणता येणार नाही. पण क्षमा करायची की नाही हे ठरवण्याचा हक्क तिथे ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडेच राहिला, आणि मिल्डुराच्या चर्चला नेमके हेच जमले नव्हते.

दया, क्षमा आणि न्याय हे तिन्ही प्रश्न एकाच रात्री, एकाच इमारतीत उभे राहिले ते १५ एप्रिल २०२४ रोजी. सिडनीच्या पश्चिमेकडील वेकली उपनगरात ‘क्राइस्ट द गुड शेफर्ड’ या असीरियन चर्चमध्ये बिशप मार मारी इमॅन्युएल यांचे प्रवचन इंटरनेटवरून थेट दाखवले जात होते. सोळा वर्षांचा एक मुलगा पुढे आला आणि त्याने बिशपांवर चाकूचे वार केले. बिशपांचा एक डोळा कायमचा गेला. मदतीला धावलेले एक धर्मगुरूही जखमी झाले. भाविकांनी मुलाला धरून ठेवले. त्याच्याही हाताला इजा झाली होती. दोनच दिवसांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाँडाय जंक्शनच्या मॉलमध्ये, एका माणसाने चाकूने सहा जणांचा जीव घेतला होता आणि इन्स्पेक्टर एमी स्कॉट यांनी एकटीने पाठलाग करून त्याला गोळी घातली होती. शहर आधीच हादरलेले होते.

थेट प्रक्षेपण पाहून शेकडो लोक वेकलीत जमले. इराक आणि सीरियातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांचा हा समाज. चर्चवर हल्ला म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही. हल्लेखोराला आमच्या ताब्यात द्या, अशी जमावाची मागणी होती. पोलिसांनी त्याला चर्चमध्येच ठेवून दारे राखली. मग विटा, काँक्रीटचे तुकडे, कुंपणाच्या फळ्या यांचा मारा सुरू झाला. ५१ पोलीस जखमी झाले, एकाचा जबडा मोडला, पोलिसांच्या गाड्या फोडल्या गेल्या. जखमींवर उपचार करायला आत गेलेल्या पॅरामेडिकना सुमारे साडेतीन तास बाहेर पडता आले नाही. ज्यांच्या बिशपांना वाचवायला ही माणसे आली होती, त्यांच्यापासूनच त्यांना लपून बसावे लागले.

पॅरामेडिकांचे काम त्या रात्री शोमरोन्याचे होते: आत बिशप जखमी होते, हल्लेखोरही जखमी होता, आणि उपचारांचा क्रम जखमेच्या गंभीरतेवरून लागतो, गुन्ह्यावरून लागत नाही. पोलिसांचे काम पौलाच्या तेराव्या अध्यायातले. तिथे तलवार हाती असलेल्यावर गुन्हेगाराला जमावापासून वाचवण्याची जबाबदारीही येते, कारण जमावाने केलेली शिक्षा हा न्याय नसून नवा गुन्हा असतो. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या जमावाला त्या रात्री नेमका याच गोष्टीचा विसर पडला.

उत्तर रुग्णालयातून आले. १८ एप्रिलला प्रसृत केलेल्या ध्वनिसंदेशात बिशपांनी हल्लेखोराला क्षमा केली, त्याला आपला मुलगा म्हटले आणि त्याला पाठवणारा कोणी असेल तर त्यालाही क्षमा केली. येशूने सूड शिकवला नाही, कायदा पाळा, असे त्यांनी अनुयायांना बजावले. या क्षमेने मुलावरचा दहशतवादी कृत्याचा आरोप मागे गेला नाही, आणि तो जावा असे बिशपांनीही म्हटले नव्हते. दंगलीत सहभागी झालेल्यांना शोधण्यासाठी पोलिसांनी वेगळे पथक नेमले आणि अनेकांवर गुन्हे दाखल केले. बिशपांची इतर मते ज्यांना पटत नाहीत, त्यांनाही त्यांचा हा संदेश धर्मशास्त्राच्या दृष्टीने चोख वाटावा.

भारतीय वाचकाला इथे ग्रॅहम स्टेन्स प्रकरण आठवेल. क्वीन्सलँडहून येऊन ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे स्टेन्स आणि त्यांची दोन मुले यांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी गाडीत जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. पण आपली क्षमा आणि कायद्याने होणारे परिणाम या दोन वेगळ्या बाबी आहेत, असेही स्पष्ट केले. मुख्य आरोपीची फाशी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेवर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती कायम केली.

आतापर्यंतचा विचार इतरांना दया आणि न्याय देणाऱ्यांचा झाला. या माणसांच्या स्वतःच्या मनाचे काय, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेने फार पूर्वी हाताळला होता. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बेसिल यांनी लढाईत माणूस मारलेल्या सैनिकाला खुनी मानले नाही, तरी त्याने तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहावे असा सल्ला दिला. आज हा नियम कठोर वाटतो. पण त्यामागची जाण खोल आहे: कर्तव्य म्हणून केलेल्या योग्य कृत्याचेही मनावर ओझे राहते आणि ते उतरवायला वेळ आणि विधी लागतो. मानसोपचार शास्त्र हल्ली याला नैतिक जखम म्हणते. ऑस्ट्रेलियातल्या ‘बियाँड ब्लू’ या संस्थेने २०१८ मध्ये पोलीस आणि आपत्कालीन सेवांतल्या २१ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तेव्हा दर तिघा कर्मचाऱ्यांपैकी एक तीव्र मानसिक ताणाखाली आढळला. एकूण प्रौढांत हे प्रमाण आठांत एक होते. या सेवांमध्ये चॅप्लेन, म्हणजे कर्मचाऱ्यांना आधार देणारे धर्मसेवक, असतात. २०२१ च्या जनगणनेत ४३.९ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले आणि ३८.९ टक्क्यांनी कोणताच धर्म नसल्याचे नोंदवले, तेव्हा चॅप्लेनचे बरेचसे काम धर्म न मानणाऱ्यांसोबतच चालते. चांगला चॅप्लेन प्रवचन करत नाही. तो वणव्याच्या ठिकाणी चहा घेऊन उभा राहतो. मुक्तिफौजेची आपत्कालीन पथके वणव्यांत जवानांना जेवण पुरवतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

मात्र चहा आणि प्रार्थना न्यायाची जागा घेऊ शकत नाहीत. धुराने कर्करोग झालेल्या अग्निशामकाने तो कोणत्या आगीमुळे झाला हे सिद्ध करत बसावे, अशी कायद्याची अपेक्षा वर्षानुवर्षे होती. २०११ मध्ये संसदेने केंद्राच्या भरपाई योजनेतल्या अग्निशामकांसाठी काही कर्करोग नोकरीमुळेच झाले असे गृहीत धरणारा कायदा केला, तेव्हा तो भार मालकाकडे गेला.

मृतांच्या आठवणीचे दिवस ख्रिस्ती पंचांगातूनच आले आहेत. २९ सप्टेंबर हा मिखाएल देवदूताचा सण ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. ४ मे हा अग्निशामकांचे पालक संत फ्लोरियन यांचा दिवस. तो जगभर अग्निशामक दिन म्हणून पाळावा ही सूचना निघाली व्हिक्टोरियातून. तिथे २ डिसेंबर १९९८ रोजी लिंटनच्या वणव्यात वारा अचानक फिरला आणि जिलाँग वेस्टच्या दलाचे पाच स्वयंसेवक आपल्या टँकरसह आगीत सापडले. त्यांच्या मृत्यूनंतर कॉरोनरची सविस्तर चौकशी झाली. किमान प्रशिक्षण घेतल्याशिवाय आता तिथल्या स्वयंसेवकाला वणव्यावर पाठवत नाहीत, आणि टँकरमधले सगळे पाणी आगीवर न मारता काही पाणी जवानांच्या स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवले जाते.